‘मला जमलं’ : एका द्विशिक्षकी शाळेच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१५ जून २०२४, शनिवार

शाळेचा पहिला दिवस. प्रभातफेरी झाली, पहिलीच्या नवागतांच्या पावलांचे कुंकवाचे ठसे कागदावर घेतले, पुस्तकं वाटली. पट ४१, पहिली ते चौथी. शिक्षक दोघं : मुख्याध्यापक सर आणि मी.

दुपारी कपाट आवरताना रंगीत कागदात गुंडाळलेल्या चार कंपासपेट्या सापडल्या. प्रत्येकीवर नाव आणि इयत्ता. २६ जानेवारीच्या बक्षीस वाटपात ही नावं पुकारली होती आणि कोणीच उठलं नव्हतं. ती लेकरं तेव्हा आईबापांबरोबर उसाच्या फडात होती. आमचा बीड जिल्हा. दिवाळी झाली की कोयता घेऊन घरंच्या घरं पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात.

तीन पेट्या आज दिल्या. चौथीचा मालक पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत गेला, त्याची पेटी बहिणीजवळ दिली. पेटी घेताना एकाने विचारलं, “बाई, ही कशाची?” मलाही आठवेना. रजिस्टर काढून बघावं लागलं. ज्या कौतुकाचं कारण देणाऱ्यालाही आठवत नाही, ते त्या मुलापर्यंत पोहोचलं असं मी कसं म्हणू?

२० जून, गुरुवार

सरांशी शाळा सुटल्यावर तासभर बोलले. माझं म्हणणं दोन गोष्टींचं. कौतुक जानेवारीत ठेवलं तर पटावरची सतरा-अठरा मुलं त्याला नसतातच. आणि जी असतात त्यांतही पहिल्या तिघांचंच होतं.

सर म्हणाले, आकारिक मूल्यमापन याचसाठी आलं होतं ना. खरं आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली-दुसरीला आकारिकचा भारांश ७० टक्के ठेवला आणि संकलितचा, म्हणजे सत्राच्या परीक्षेचा, ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. मूल रोज वर्गात काय करतं, काय बोलतं, काय बनवतं याला परीक्षेपेक्षा जास्त वजन आहे. पण टाळ्या वाजतात त्या संकलितच्या बेरजेलाच. आणि प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी? मी बारा वर्षं त्या छापील नोंदींच्या पुस्तकातून उतरवत आले. ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो’ हे वाक्य मी किती मुलांच्या नावापुढे लिहिलं असेल. त्या वाक्यात मूल कुठेच दिसत नाही. याची मला मनापासून खंत आहे.

ठरलं ते असं : व्हरांड्यातली लांब भिंत रिकामी करायची. मुलाला नवीन काही जमलं की त्याने ते चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीवर लावायचं. पहिलीच्या मुलांनी सांगायचं, मोठ्यांनी लिहून द्यायचं. आणि या साऱ्याचा मोठा दिवस दिवाळीच्या आधी, घरं निघण्याआधी घ्यायचा.

मुलांची नावं या नोंदींत लिहिणार नाही.

६ जुलै, शनिवार

आनंददायी शनिवारी (हा दिवस उपक्रमांचा) सुरुवात केली आणि चुकले. उत्साहाच्या भरात मी सगळ्यांना एकेक चांदणी चिकटवली, “शाब्बास” म्हणाले. चौथीतला शेवटच्या बाकावरचा मुलगा (फारसा बोलत नाही, बोलला तर खाली बघून बोलतो) चांदणीकडे बघत म्हणाला, “सगळ्यालाच दिल्या ना बाई?” आणि ती त्याने काढून बाकाखाली चिकटवली.

मुलांना फुकटचं कौतुक लगेच कळतं. रात्री हेच डोक्यात होतं.

१३ जुलै, शनिवार

नियम बदलले. चिठ्ठीवर ‘छान’, ‘हुशार’, ‘उत्तम’ हे शब्द चालणार नाहीत. काय जमलं तेच लिहायचं, आणि आधी जमत नव्हतं तेच लिहायचं. खाली साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणजे दुसरं मूल, ज्याने करून घेऊन पाहिलं. खोटी सही केली तर ती चिठ्ठी उतरते.

साक्षीदाराची कल्पना तिसरीतल्या मुलींची. त्या म्हणाल्या, “तुम्हीच बघणार तर लई वेळ लागंल.” बरोबरच आहे. शिवाय तपासणाऱ्याचाही अभ्यास होतो. पाढा ऐकणाऱ्याला पाढा यावा लागतो.

कागद : जुन्या दिनदर्शिकांची कोरी पाठ. खर्च फक्त डिंक आणि स्केचपेनांचा.

३ ऑगस्ट, शनिवार

भिंतीवर ६४ चिठ्ठ्या. काही इथे उतरवून ठेवते, मुलांच्या शब्दांत :

‘आई हा शब्द कुठंबी दिसला की मला वाचता येतो. एसटीवर न्हवता, दुकानावर व्हता.’ (पहिली)

‘मी आधी ब आणि व सारखाच काढायचे. आता ब च्या पोटात रेघ काढते.’ (दुसरी)

‘मी भांडण झालं तरी डबा उलटा करत नाही.’ (दुसरी, साक्षीदार म्हणून भांडणातल्याच मुलाची सही)

‘मला दशकाचा दांडा सोडून सुटे करता येतात म्हणून आता ५२ मधून १८ जातात.’ (दुसरी)

‘मी गोष्ट वाचताना बोट ठेवत नाही.’ (तिसरी)

दांड्याची चिठ्ठी मी तीनदा वाचली. गणित पेटीतले दशक दांडे आणि सुटे मणी घेऊन मी हा भाग दरवर्षी शिकवते. पण मुलाला नेमकं कुठं अडतं आणि कुठं सुटतं हे इतक्या थोडक्यात मला कोणत्याही उत्तरपत्रिकेने सांगितलं नव्हतं. आता सोमवारी उरलेल्या तिघांना हाच मुलगा दांडा मोडून दाखवणार आहे.

डब्याची चिठ्ठी ठेवायची की नाही यावर सरांशी थोडा वाद झाला. सरांचं म्हणणं, हे शिक्षणात कसं बसवायचं. मी म्हटलं, ज्याचा डबा उलटा व्हायचा त्याला विचारा. चिठ्ठी राहिली.

४ सप्टेंबर, बुधवार

पोळा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या ठरवणारे मुकादम गावात फिरायला लागलेत. कोणी किती उचल (आगाऊ पैसे) घेतली याच्या गोष्टी आता मुलांच्या बोलण्यात येतात. दुसरीतल्या एकीने चिठ्ठी लिहायला नकार दिला : “आमी जाणार हाव बाई, मंग भिंतीला लावून काय?” मी तिला तेव्हा काही उत्तर दिलं नाही. उत्तर तयार करायला हवं.

२१ सप्टेंबर, शनिवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. कार्यक्रमाची तारीख १९ ऑक्टोबर, वेळ संध्याकाळी ४ ते ६. सोयाबीनची काढणी चालू असल्याने सकाळी कोणी येणार नाही.

गावातल्या एका दात्याने बारा कप देऊ केले, प्रत्येक इयत्तेच्या पहिल्या तिघांना. माणूस मनाने मोठा आहे, दरवर्षी देतो. नको कसं म्हणावं यावर सगळे गप्प. तेव्हा समितीतली एक आई बोलली. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आमच्याकडच्या बाया आतापर्यंत सही करून उठायच्या. ती म्हणाली, “माझं लेकरू पहिल्या तिघांत कधी यायचं न्हाई, मला ठाऊक हाय. पण त्याला काय येतंय ते मला बघायचंय. कप बघून काय करू?”

दात्यांनीच तोडगा काढला : कपांच्या पैशांत शाळेला वस्तू द्यायच्या. यादी केली. तराजू आणि वजनं, दोन मोजपट्ट्या (शिंप्याकडे असते तशी एक, आणि एक लांब गुंडाळीची), मापं, चाळीस छोट्या वह्या. मी त्यांचे मनापासून आभार मानले, आणि त्या आईचेही.

५ ऑक्टोबर, शनिवार

तालीम घेतली आणि ती फसली. मी व्यासपीठाची मांडणी केली होती : एकेकाने वर यायचं, माईकवर आपलं ‘जमलं’ सांगायचं. शेवटच्या बाकावरचा मुलगा वर आला आणि उभाच राहिला. मी “बोल, बोल” म्हणत राहिले. त्याचे डोळे भरले तेव्हा थांबले. थांबायला उशीर केला.

त्याला मोजमाप उत्तम येतं. मीटर, सेंटिमीटर, अंदाज, खात्री, सगळं. मी मात्र त्याची भाषणाची परीक्षा घेत होते. शिकलेलं दाखवायचं असेल तर ते करून दाखवायची जागा हवी, सांगायची नव्हे. व्यासपीठ रद्द. माईक रद्द. अंगणात नऊ कोपरे करायचे, पाहुण्यांनी फिरायचं, मुलांनी आपापल्या कोपऱ्यात काम करत राहायचं. अर्धी मुलं कोपऱ्यात, अर्धी आपल्या घरच्यांना फिरवायला. पाऊण तासाने अदलाबदल.

त्या मुलाची मी आज शाळा सुटताना माफी मागितली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. आता पुढाऱ्यांपैकी कोणाला पाहुणे म्हणून बोलावता येणार नाही. सर चिंतेत होते. मला तर बरंच वाटलं. पाहुणे म्हणजे आई, बाप, आजी, आजोबा. हार-नारळ, स्वागतगीत, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, सगळा वेळ मुलांना मिळाला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला बसले तेव्हा रात्रीचे दहा वाजलेत. सगळं आठवेल तसं लिहून ठेवते.

चारला अंगणात सात माणसं होती. साडेचारला रान सुटलं आणि माणसं थेट वावरातून आली, काहींच्या हातात विळे तसेच. एकूण मोठी माणसं ५२ झाली. वस्तीवरून दोन म्हाताऱ्या बैलगाडीत आल्या.

वाचनाचा कोपरा चिंचेखाली. तिथे नियम असा की मजकूर पाहुण्याने निवडायचा. पुस्तकातलं पान पाठ असू शकतं, म्हणून वर्तमानपत्र, बियाण्याची पिशवी, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, काहीही. एका बापाने खिशातून डेअरीची दूध पावती काढली. तिसरीतल्या पोराने तारीख, लिटर, फॅट, दर असं सगळं वाचलं. बाप म्हणाला, “परत वाच.” पोराने परत वाचलं. बापाने पावती घडी करून खिशात ठेवली, थोडा वेळ तिथेच उभा राहिला आणि मग पुन्हा काढून तिसऱ्यांदा वाचायला लावली. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. हा मुलगा अजून तिथे नाही, चाळीसच्या आसपास असेल. पण ती पावती त्याला समजली, आणि त्याच्या बापाला तो वाचतो हे समजलं.

पहिलीच्या कोपऱ्यात अक्षरांच्या चिठ्ठ्या वाळूत पुरल्या होत्या. आजीने एक काढायची, नातवंडाने ओळखायची आणि त्या अक्षराचा शब्द सांगायचा. एका आजीने ‘भ’ काढला, नातीने “भाकर” म्हटलं. आजीने विचारलं, “माझ्या नावात हाय का ह्ये?” होतं. नातीने वाळूत आजीचं नाव लिहिलं. जोडाक्षर चुकलं, कोणी दुरुस्त केलं नाही; मीही नाही. उद्या करू. आजी त्या नावावर पाय पडू नये म्हणून सहा वाजेपर्यंत तिथेच बसून राहिली.

मोजमापाचा कोपरा शाळेच्या भिंतीशी. तिथे शेवटच्या बाकावरचा मुलगा. त्याने भिंतीवर खडूने शून्यापासून खुणा करून घेतल्या होत्या. पाहुणा उभा राहिला की डोक्यावर पट्टी आडवी धरायची, खूण करायची, मोजायचं, वहीत लिहायचं. तो एक शब्द बोलत नव्हता. फक्त हाताने ‘टाच टेकवा’ अशी खूण करायचा. आणि रांग त्याच्याच कोपऱ्यात सगळ्यांत लांब. कारण अगदी साधं : आपली उंची किती हे या माणसांपैकी बऱ्याच जणांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याचा आजोबा आला. १६४ सेंटिमीटर. मग बाप, १६७. आजोबांनी विचारलं, “किती फरक?” तेव्हा मात्र तो वर बघून बोलला. “तीन.” आणि मग स्वतःहून, “तुम्ही वाकून हाव आबा, नीट उभं राह्यलं तर कमी हुईल.” आजोबा ताठ उभे राहिले, त्याने परत मोजलं. १६६.

तराजूच्या कोपऱ्यात शेंगदाण्यांचा अंदाज बांधणं चाललं होतं आणि अर्धे शेंगदाणे मापाआधीच संपले. कवितेच्या कोपऱ्यात चौथीच्या मुलींनी स्वतः रचलेल्या ओव्या म्हटल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांनी आधी आज्यांकडून उतरवून घेतल्या होत्या, म्हणून आज्याही पुढे म्हणायला लागल्या आणि तो कोपरा मग कोणाच्याच वेळापत्रकात राहिला नाही.

जे नीट झालं नाही तेही : दुसरीतल्या दोघांच्या घरून कोणी आलं नाही. ती दोघं कोपरा सोडून फाटकाशी उभी होती. सर त्यांच्याबरोबर फिरले, पण घरचं माणूस ते घरचं. पुढच्या वेळी ज्यांचं कोणी येणार नाही त्यांची यादी आधी करायची आणि त्यांच्यासाठी गावातलं कोणी तरी ठरवून ठेवायचं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. जाणाऱ्या १७ मुलांची शिक्षण हमी कार्डं भरली. जिथे जातील तिथल्या शाळेत हे कार्ड दाखवलं की त्यांना त्यांच्या इयत्तेत बसवून घेतात. गावात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या सहा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचं जेवण सुरू होईल अशी आशा आहे.

चाळीस वह्यांचं काम आज झालं. जाणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत त्याच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या उतरवून दिल्या, पुढची पानं कोरी. पहिल्या पानावर शाळेचा आणि माझा फोन नंबर. सप्टेंबरमध्ये जिने विचारलं होतं “भिंतीला लावून काय?”, तिला सांगितलं : तुझी जागा भिंतीवर मोकळी ठेवणार. तिकडे काही जमलं की फोन कर, तुझी चिठ्ठी इथे मी लावीन. तिने बोटाने भिंतीवर चौकोन काढून दाखवला, एवढी ठेवा म्हणून. मी खडूने तेवढीच आखली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

निवडणुकीची ड्युटी संपली. मतदान करून उरलेल्या टोळ्याही गेल्या. वर्गात २४. भिंतीवर खडूचे सतरा चौकोन.

११ जानेवारी २०२५, शनिवार

आजवर फोनवरून पाच चिठ्ठ्या आल्या. आजची सहावी, आणि ती सविस्तर लिहायलाच हवी.

चौथीतल्या मुलीचा फोन, बापाच्या मोबाइलवरून, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. तिची ऑक्टोबरमधली शेवटची चिठ्ठी होती : ‘मला हातच्याची चार अंकी वजाबाकी येते.’ ती म्हणाली, “बाई, काट्याची पावती वाचली. पण आकड्यांच्या मधी टिंब हाय. त्याचं काय करू?”

काटा म्हणजे उसाच्या गाडीचा वजनकाटा. मी आकडे सांगायला लावले. भरलेल्या गाडीचं वजन ३.१२०, रिकाम्या गाडीचं ०.६४०. चौथीत दशांश चिन्ह शिकवत नाहीत, ते पाचवीत येतं. मी म्हटलं, टिंबाच्या डावीकडे टन, उजवीकडे किलो. एक टन म्हणजे हजार किलो. मग भरलेली गाडी किती किलोची? थोडा वेळ गप्प. “तीन हजार एकशे वीस.” रिकामी? “सहाशे चाळीस.” आता तुला येतं ते कर.

फोन चालूच होता. मातीत काडीने आकडे मांडत असावी. तिची आई मागे म्हणत होती, “ठिव आता, बॅलन्स जाईल.” मग आवाज आला : “दोन हजार चारशे ऐंशी. पावतीवर बी तेच हाय बाई! दोन टिंब चार आठ शून्य!”

बापाने फोन घेतला. तो म्हणाला, “आजवर आमी पावती नुसती जपून ठिवायचो.”

चिठ्ठी तिने फोनवर सांगितली, मी जशीच्या तशी लिहिली : ‘मला काट्याची पावती वाचता येते आणि वजा करून तपासता येते. साक्षीदार : बापू.’ दुपारी सगळ्या वर्गाने मिळून ती तिच्या चौकोनात लावली. सोमवारी चौथीला हेच गणित देणार.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. बक्षीस वाटप नाही. भिंतीवरच्या, गावात नसलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या इथल्या मुलांनी मोठ्याने वाचल्या. प्रत्येकाने एकेकाची वाचली. पावतीची चिठ्ठी वाचली तेव्हा तिचे आजोबा मागे उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

१० मार्च, सोमवार

यंदा ऊस कमी, कारखाने लवकर बंद झाले. पाडव्याआधीच अकरा मुलं परतली. वह्यांपैकी सात आल्या. एक पावसा-दवाने फुगलेली, एकीत हिशेब लिहिलेले. न आलेल्यांतली एक चुलीत गेली. जिची चुलीत गेली ती रडत होती. मी म्हटलं, त्यात काय होतं ते सांग. तिने एक सोडून सगळं सांगितलं. आम्ही नवीन वहीत लिहून काढलं, आणि चुलीचा भाग तिने स्वतः लिहिला.

काही मुलं मागे पडली आहेत, ते झाकून चालणार नाही. दुसरीतल्या दोघांना ऑक्टोबरमध्ये येत असलेली जोडाक्षरं आता येत नाहीत. त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या आम्ही उतरवल्या नाहीत. एकदा जमलं होतं ते पुन्हा जमतं, हे त्यांना त्यांच्याच अक्षरात दाखवता येतं. रोज दुपारच्या सुट्टीनंतर अर्धा तास त्यांचा.

१ मे, गुरुवार

झेंडावंदनानंतर प्रगतिपुस्तकं दिली. यंदा वर्णनात्मक नोंदींचं छापील पुस्तक कपाटातच राहिलं. प्रत्येक नोंद त्या मुलाच्या चिठ्ठ्यांवरून लिहिली. ४१ मुलांना चार रात्री लागल्या.

शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या आजोबांनी पुस्तक उलटं-सुलटं केलं आणि त्यालाच दिलं, “वाच.” त्याने खाली बघत, पण सलग वाचलं : “उंची, लांबी, अंतर अचूक मोजतो. मोजण्याआधी अंदाज सांगतो. चूक झाली तर पुन्हा मोजतो.” आजोबा म्हणाले, “ह्ये खरं हाय.”

तो आता पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार. जाताना त्याने विचारलं, भिंतीवरच्या खुणा पुसणार का. मी नाही म्हटलं. त्याने पट्टी मागून घेतली, स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला आणि खूण करायला बहिणीला बोलावलं.